विंचवाचें विष आणि नगरचा माळ

नगर जिल्ह्याच्या कोणत्याहि गांवाहून समुद्र गांठावयाचा तर आधीं सह्याद्रीचा घाट उतरावा लागतो. तेव्हां प्रवाळाच्या खडकांत दडून बसणाऱ्या विषारी माशांची भीति नगरच्या शेतकऱ्यास वाटण्याचें कारण नाहीं. पण युरोपांतील प्राणिशास्त्रज्ञांवर या माशांच्या कुळाला नांव देण्याची वेळ आली, तेव्हां त्यांनीं जमिनीवरील ज्या प्राण्याचें नांव उसनें घेतलें, तो प्राणी नगरच्या माळावर घरोघरचा आहे. त्या कुळाला त्यांनीं विंचूमासे म्हटलें. या विंचूमाशांचाच सोयरा जो दगडमासा, तो विषारी माशांमध्यें पहिल्या क्रमांकाचा मानला जातो. लक्षद्वीप व अंदमान येथील प्रवाळांत तो शेवाळलेल्या धोंड्यासारखा निपचित पडून असतो. त्याच्या पाठीवर तेरा कांटे असतात आणि प्रत्येक कांट्याच्या मुळाशीं विषाच्या पिशव्या असतात. चुकून पाय पडला कीं दाबानें विष वर चढतें आणि माणूस वेदनेनें अक्षरशः लोळूं लागतो. समुद्रांतल्या या विंचवाची गोष्ट पुढें पुन्हां येईल. त्याला ज्याचें नांव मिळालें त्या जमिनीवरच्या विंचवाचा इतिहास मात्र अधिक जवळचा आहे, आणि तो बव्हंशीं महाराष्ट्रांतच घडलेला आहे.

२०२४ सालीं ज्याचें नांव अहिल्यानगर झालें, त्या अहमदनगर जिल्ह्याचा पूर्व व दक्षिण भाग, म्हणजे पाथर्डी, शेवगांव, कर्जत, जामखेड हे तालुके, पर्जन्यछायेंतील म्हणून प्रसिद्ध आहेत. काळ्या खडकाचा माळ, त्यावर मुरमाचा पातळ थर, शेतांच्या कडेनें रचलेल्या दगडी ताली, घराच्या पाठीमागें सरपणाचा ढीग आणि गोवऱ्या, कडब्याची गंज, मातीच्या भिंतींतील भेगा: विंचवाला दिवस काढावयास याहून सोयीची जागा शोधून सांपडणार नाहीं. तो रात्रीं बाहेर पडतो, किडे धरून खातो आणि पहांट होण्यापूर्वीं पुन्हां आडोसा गांठतो. तो आडोसा कधीं वहाण असते, कधीं गोधडी, कधीं बाळाची दुपटीं. माणसावर चालून जाण्याचा त्याचा स्वभाव नाहीं. तो चेपला जातो, आणि मग नांगी मारतो. ‘विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें विंचू नीट पाहिला होता, यांत शंका नाहीं. विंचवी अंडीं घालीत नाहीं, ती जिवंत पिलांना जन्म देते, आणि पहिली कात पडेपर्यंत तीं पांढुरकीं पिलें खरोखरच तिच्या पाठीवर बसून हिंडतात.

मराठी माणसानें विंचू पाहिला होता हें खरें. पण कोणत्या विंचवाला किती भ्यावें, याबद्दल मात्र त्याचा अंदाज उलटा होता. मोठा, काळा, जाड आंकड्यांचा जो विंचू, ज्याला पुष्कळ ठिकाणीं इंगळी म्हणतात, त्याचें नांव काढतांच लोकांच्या अंगावर कांटा उभा राहतो. त्याच्या नांगीची आग भयंकर असते, परंतु तिनें माणूस मरण्याचा प्रसंग विरळा. उलट तांबूस-पिवळा, दोन-तीन इंच लांबीचा, बारीक आंकड्यांचा लाल विंचू दिसावयास क्षुद्र, पण जीव घेणारा तोच. प्राणिशास्त्रज्ञ यासाठीं एक ढोबळ खूण सांगतात: आंकडे जाड व शेपूट बारीक असेल तर भक्ष्य पकडण्याचें काम आंकडेच करतात आणि विष बेताचें असतें, आंकडे नाजूक व शेपूट भरदार असेल तर सारी मदार विषावर असते. डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यानें १७९८ सालीं या लाल विंचवाचें प्रथम शास्त्रीय वर्णन केलें. पुढें १९०० सालीं पोकॉक यानें ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेंत त्याच्या पोटजाति वेगळ्या दाखविल्या आणि त्यांतील एकीला कोंकणावरून नांव दिलें. भारतीय विंचवांवरचा आधुनिक आधारग्रंथ मात्र १९८३ चा आहे, आणि त्याच्या दोन कर्त्यांपैकीं डॉ. टिकादर यांच्या जोडीचें दुसरें नांव बस्तवडे हें मराठी आहे.

मोठा तो अधिक घातक ही समजूत आपल्या प्राचीन वैद्यकांत मात्र नव्हती. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत विंचवांचे तीस प्रकार सांगितले असून त्यांचे मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग केलेले आहेत. मंद विषाचे शेणाच्या कुजकटांत, मध्यम विषाचे लांकूड व विटा यांत, आणि तीव्र विषाचे मेलेल्या सर्पाच्या देहांत उत्पन्न होतात, असें तेथें म्हटलें आहे. उत्पत्तीची ही कल्पना आज कोणी मानणार नाहीं. परंतु सर्व विंचू सारखे नसतात, कांहींच्या दंशानें नुसती आग होते आणि कांहींच्या दंशानें प्राण जातात, ही मुख्य गोष्ट त्या ग्रंथकारानें अचूक हेरली होती. दुर्दैव असें कीं हा भेद पोथींतच राहिला. खेड्यापाड्यांतील व्यवहारांत विंचू म्हणजे विंचू, आणि त्यावर उपाय म्हणजे उतारा, एवढेंच उरलें.

गोदावरीच्या उत्तर तीरावर पैठण आणि दक्षिण तीराकडे शेवगांव तालुका. या पैठणांत सोळाव्या शतकांत एकनाथांनीं विंचूदंशावर जें भारूड रचलें, तें आजहि गांवोगांव रंगतें. नाथांना अर्थात् काम-क्रोधांचा विंचू सांगावयाचा होता आणि त्यावर सत्त्वगुणाचा उतारा सुचवावयाचा होता. पण रूपक जनतेच्या गळीं उतरावयाचें तर मूळ अनुभव प्रत्येकाच्या ओळखीचा असावा लागतो. विंचू चावलेल्या माणसाची तगमग, सर्वांगाची आग, जीव जातो कीं काय अशी अवस्था ही त्या श्रोतृवृंदांतील जवळजवळ प्रत्येकानें स्वतः भोगलेली किंवा डोळ्यांनीं पाहिलेली होती. भारूड म्हणणारा सोंगाड्या तडफडूं लागला कीं लोक हंसतात, याचेंहि कारण हेंच. बहुतेक वेळां तें तडफडणें चार-सहा तासांत, फार तर दिवसभरांत थांबतें, हें सर्वांना ठाऊक असतें.

दुसरा धागा नाथपंथाचा. पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांची समाधि आहे, आणि रंगपंचमीच्या सुमारास तेथें मोठी यात्रा भरते. शके १७४१ मध्यें, म्हणजे १८१९ सालीं, मालु कवीनें पूर्ण केलेल्या ‘नवनाथ भक्तिसार’ या ओवीबद्ध ग्रंथांत शाबरी विद्येची कथा आहे. संस्कृत मंत्रांचा अधिकार ज्यांना नव्हता, त्यांच्यासाठीं लोकभाषेंतील हे मंत्र, अशी त्या विद्येची ख्याति. सर्प, विंचू, ताप, दृष्ट या साऱ्यांवर ते चालतात, अशी श्रद्धा महाराष्ट्रांत शतकानुशतकें होती. विंचू उतरविणारा माणूस हा त्यामुळें गांवाच्या व्यवस्थेंतील एक मान्य घटक बनला. तो बहुधा पैसे घेत नसे. रात्रीं-अपरात्रीं हांक मारली तरी उठून येई. निंबाचा डहाळा किंवा राख घेऊन तो दंशाच्या वरून खालीं उतारीत नेई, मधून मधून ‘कोठवर उतरला?’ असें विचारी, आणि रोगी हळूहळू गुडघा, घोटा, बोट असें सांगत जाई. आजच्या शहरी वाचकानें त्याला लबाड ठरविण्याची घाई करूं नये. तो मनुष्य बहुतेक प्रामाणिक होता, आणि दहांतील आठ-नऊ वेळां त्याचा रोगी खरोखरच बरा होत असे.

नेमका येथेंच घात होता. बहुतेक विंचूदंश कांहींहि न करतां बरे होतात. वेदना काळाच्या ओघानें ओसरते, आणि जो कोणी त्या वेळीं उशाशीं बसलेला असेल त्याला त्याचें श्रेय मिळतें. लाल विंचवाच्या गंभीर दंशांत गोष्ट निराळी असते. तेथें वेदना आणि धोका यांचें प्रमाण एकमेकांशीं जुळत नाहीं. दंशाची जागा फारशी सुजत नाहीं, लाल होत नाहीं. पण कांहीं वेळानें रोग्याला उलट्या होतात, अंगावरून घामाच्या धारा वाहूं लागतात, हातपाय गार पडतात. मुलगा किंवा पुरुष असेल तर इंद्रियाला ताठरपणा येतो. हें लक्षण घरचे लाजेनें डॉक्टरांना सांगत नाहींत, आणि वास्तविक तेंच फार महत्त्वाचें असतें. मग कांहीं तासांनीं धाप लागते, खोकल्यांतून गुलाबी फेंस येतो. अशा वेळीं दंशाच्या जागेची आग कमी झाली, तर भोंवतालचे लोक ‘उतरला’ म्हणून समाधानानें घरीं जातात. संतकवीनें दाहाचें वर्णन केलें. मरणाऱ्या मुलाचे पाय मात्र बर्फासारखे थंड असतात. दोघांचा विंचू एकच नव्हता, हें उघड आहे, पण हा फरक ध्यानांत यावयास विसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

मधल्या काळांत प्रयोगशाळांनीं काय केलें, तेंहि थोडक्यांत पाहण्यासारखें आहे. १९०९ सालीं इजिप्तमध्यें चार्ल्स टॉड यानें विंचवाच्या विषावर प्राण्यांच्या रक्तापासून प्रतिविष तयार केल्याचें प्रसिद्ध केलें. तेथील विंचू मुलांचे बळी घेत, आणि सर्पविषावर चाललेली युक्ति येथेंहि चालावी, हा त्याचा साधा तर्क होता. मुंबईस परळच्या हाफकिन संस्थेंत पाद्री कायस आणि डॉ. म्हसकर या जोडीनें दुसरा मार्ग धरला. या देशांत विषावर म्हणून ज्या शेंकडों वनस्पति सांगितल्या जातात, त्यांतील एखादी तरी खरी असेल, तर ती हुडकून काढावी, असा त्यांचा विचार. आधीं सर्पदंशावरील आणि मग विंचूदंशावरील औषधी त्यांनीं जनावरांवर एक एक करून तपासल्या. विंचवांवरचा त्यांचा विस्तृत निबंध १९३२ सालीं प्रसिद्ध झाला. निष्कर्ष निराशाजनक होता: विषावर उतारा म्हणून खात्रीनें चालेल अशी वनस्पति त्यांना मिळाली नाहीं. एतद्देशीय औषधांविषयीं आस्था असणाऱ्या माणसांनीं, त्यांच्या बाजूनें पुरावा मिळावा म्हणून आरंभिलेल्या कामाचा हा निकाल होता, आणि तो त्यांनीं जसा मिळाला तसा छापला. मराठी विज्ञानाच्या इतिहासांत या प्रामाणिकपणाची नोंद जितकी व्हावयास पाहिजे होती तितकी झालेली नाहीं.

खरी कलाटणी प्रयोगशाळेंत मिळाली नाहीं. ती मिळाली कोंकणांतील एका प्राथमिक आरोग्य केंद्रांत. त्या भागांतील विंचूदंशाच्या रोग्यांवर डॉ. मुंडले यांनीं १९६१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें लिहिलें होतें, आणि फुप्फुसांत पाणी होऊन माणसें दगावतात हें तेव्हांच नोंदलें गेलें होतें. पण तें कां होतें आणि काय केल्यानें थांबेल, याचें उत्तर हातीं नव्हतें. १९७६ सालीं हिंमतराव बावस्कर नांवाचा एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडी येथें नेमणुकीवर आला. जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांतल्या देहेड या खेड्यांत, गरीब शेतकरी कुटुंबांत जन्मलेला, नागपूरला शिकलेला हा माणूस. धडधाकट मुलें संध्याकाळीं विंचू चावल्याचें निमित्त होऊन पहांटेपर्यंत मरतात, हें त्यानें तेथें पाहिलें. त्यानें त्यावर जो उपाय केला तो वरकरणीं अगदीं साधा वाटतो: तो रोग्याच्या खाटेशीं बसून राहिला. नाडी, रक्तदाब, श्वास, घाम, हातापायांची ऊब हीं सारीं तासातासाला मोजून त्यानें वहींत उतरविलीं, आणि हें एक-दोन रोग्यांचें नव्हे, तर वर्षानुवर्षें केलें.

त्या वहींतून जें चित्र उभें राहिलें, तें असें. लाल विंचवाचें विष मज्जातंतूंच्या टोंकांवर घाला घालतें. सोडियमचीं जीं सूक्ष्म द्वारें क्षणभर उघडून मिटावयाचीं, तीं विषामुळें उघडींच राहतात, आणि शरीरांत ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर लोटतो. भीतीच्या क्षणीं जें शरीर थोडा वेळ करतें, तेंच येथें तासन् तास चालू राहतें. साऱ्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून हातपाय गार. रक्तदाब चढतो, हृदयाला आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलण्याचे अपार कष्ट पडतात, तें थकतें, आणि मागें तुंबलेलें पाणी फुप्फुसांत उतरतें. म्हणजे माणूस विषानें मरतो म्हणण्यापेक्षां विषानें उठविलेल्या स्वतःच्याच शरीराच्या वादळानें मरतो, असें म्हणणें अधिक बरोबर होईल. प्रारंभींच्या या धोकासूचक लक्षणांवरील बावस्करांचा लेख १९८२ सालीं ‘लॅन्सेट’ या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकानें छापला.

निदान असें स्पष्ट झाल्यावर आधींच्या उपचारांतील विसंगति दिसूं लागली. त्या काळीं विंचूदंशावर ॲट्रोपिन, डिजॉक्सिन, स्टिरॉइड, गुंगीच्या औषधांचें मिश्रण, जें हातीं असेल तें दिलें जाई. ॲट्रोपिननें घाम व लाळ थांबते, त्यामुळें रोगी सुधारल्यासारखा दिसतो. पण धावणारें हृदय त्यानें आणखीच धावतें. मांत्रिकाच्या बाबतींत जी चूक झाली होती तीच येथें शास्त्राच्या पोशाखांत पुन्हां झाली होती, म्हणजे डोळ्यांना दिसणारें लक्षण दबलें कीं रोग हटला असें मानलें गेलें. बावस्करांनीं आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारें औषध शोधलें. आधीं सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलें. तें गुणकारी होतें, पण तें शिरेंतून थेंबाथेंबानें द्यावें लागतें आणि क्षणाक्षणाला रक्तदाब पाहावा लागतो. खेड्यांतल्या दवाखान्यांत हें जमणारें नव्हे. मग त्यांची नजर प्रॅझोसिनकडे वळली. रक्तदाबाच्या विकारासाठीं बाजारांत आलेली ही साधी गोळी. ॲड्रिनॅलिन-जातीच्या द्रव्यांना रक्तवाहिन्यांवर जेथें पकड मिळते, नेमकी तीच जागा ती अडवून धरते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनीं लिहिलेला प्रॅझोसिनवरील लेख ‘लॅन्सेट’मध्यें १९८६ सालीं प्रसिद्ध झाला.

परिणाम आंकड्यांत सांगतां येतो. प्रॅझोसिनपूर्वीं गंभीर विंचूदंशाचे जे रोगी दवाखान्यांत येत, त्यांतील शेंकडा पंचवीस ते तीस दगावत. प्रॅझोसिन वेळेवर मिळूं लागल्यावर हें प्रमाण शेंकडा एकाच्या आसपास आलें. एका स्वस्त, आधींच उपलब्ध असलेल्या गोळीनें, नवा कारखाना न काढतां, हें घडलें. २०२२ सालीं भारत सरकारनें बावस्करांना पद्मश्री दिली, तेव्हां बिरवाडीच्या त्या वह्यांना पंचेचाळीसहून अधिक वर्षें होऊन गेलीं होतीं.

प्रतिविषाचा मार्ग मात्र सरळ निघाला नाहीं, आणि या वादाची हकीकत उद्बोधक आहे. ट्युनिशियांत ८२५ रोग्यांवर झालेला एक मोठा प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला; विंचू चावलेल्या प्रत्येकाला सरसकट प्रतिविष दिल्यानें कांहींच फायदा होत नाहीं, असें त्यांत आढळलें. त्यावरून कित्येकांनीं प्रतिविष निरुपयोगी ठरविलें. पण त्या प्रयोगांत किरकोळ दंशाचे रोगी पुष्कळ होते. जे आपोआप बरे होणारच, त्यांच्यावर कोणत्याहि औषधाचा गुण दिसणार कसा? मंत्राला जें फुकटचें श्रेय मिळालें तेंच प्रतिविषाच्या आड आलें, असें म्हटलें तरी चालेल. मुंबईच्या हाफकिननें लाल विंचवाच्या विषावर घोड्याच्या रक्तजलापासून प्रतिविष बनविल्यावर महाड येथें गंभीर लक्षणें असलेल्याच ७० रोग्यांवर तुलना झाली. पस्तिसांना नुसतें प्रॅझोसिन, पस्तिसांना प्रॅझोसिन व प्रतिविष. दहा तासांच्या अखेरीस दुसऱ्या गटांतील ३२ जण पूर्ण बरे झाले होते, पहिल्या गटांतील केवळ ८. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’नें २०११ सालीं हा निबंध छापला. म्हणजे प्रॅझोसिन जीव वांचवितें, आणि प्रतिविष जोडीला मिळालें तर रोगी लवकर उठतो.

येथें समुद्रांतल्या विंचवाकडे वळून पाहणें युक्त होईल, कारण दोन विषांचे स्वभाव किती निराळे आहेत हें त्यावरून कळतें. दगडमाशाच्या विषावरचें प्रतिविष ऑस्ट्रेलियांत मेलबर्न येथें १९५९ सालीं वापरांत आलें. परंतु त्याहून जुना आणि आजहि पहिला उपाय म्हणजे सोसेल इतक्या गरम पाण्यांत पाय बुडविणें. माशांच्या कांट्यांतील विष मोठाल्या प्रथिनांचें बनलेलें असतें व उष्णतेनें तें बिघडतें, असें याचें स्पष्टीकरण देतात; वेदना तर त्यानें खासच हटते. पाकट, विंचूमासा, दगडमासा या सर्वांच्या बाबतींत हेंच करतात. २०१३ सालीं गणेशविसर्जनाच्या वेळीं गिरगांव चौपाटीच्या उथळ पाण्यांत पाकटांनीं अनेक भाविकांना दंश केले, तेव्हां तर समुद्रदंशाचा हा विषय साऱ्या मुंबईच्या तोंडीं झाला होता. लाल विंचवाचें विष याउलट अगदीं लहान, चिवट रेणूंचें असतें. पाय गरम पाण्यांत बुडवून तें हटत नाहीं. हे रेणू इतके नेमके असतात कीं १९९० सालीं त्यांतून वेगळें काढलेलें इबेरिओटॉक्सिन नांवाचें एक द्रव्य आज जगभरच्या प्रयोगशाळांत पेशींच्या पोटॅशियम-द्वारांचा अभ्यास करण्यासाठीं वापरलें जातें. माळावरच्या दगडाखालचा हा प्राणी अशा रीतीनें शास्त्रज्ञांचा साहाय्यकहि झाला आहे.

नगर जिल्ह्याच्या दृष्टीनें मात्र प्रश्न रेणूंचा नाहीं, अंतराचा आहे. १९५० सालीं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि जिल्ह्याच्या उत्तर भागांत उसाचें राज्य आलें. पाथर्डी, शेवगांव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतील आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दर हंगामास बिऱ्हाड पाठीवर घेऊन ऊसतोडीला जातात. पाचटाच्या कोप्या, जमिनीवरचें अंथरूण, पहांटेच्या अंधारांत उचलावयाच्या मोळ्या: विंचवाशीं गांठ पडावयास आणखी काय पाहिजे? शिवाय ज्या मुलाला दंश होतो त्याच्या अंगांत रक्त थोडें, आणि विष तेवढेंच. मोठा माणूस ज्या दंशांतून तरतो त्यांत पांच वर्षांचें पोर जातें.

जामखेडमध्यें डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचा जो प्रकल्प आरंभिला, आणि ज्यासाठीं त्यांना १९७९ सालीं मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याचें सूत्र या ठिकाणीं आठवतें. गांवांतल्याच, पुष्कळदां निरक्षर, बाईला शिकवून तयार करावयाचें. कारण डॉक्टर जेथें पोहोंचत नाहीं तेथें ती आधींच असते. विंचू उतरविणाऱ्याचें खरें बळ मंत्रांत नव्हतेंच. तो हांकेच्या अंतरावर होता, हें त्याचें बळ. त्याची जागा घ्यावयाची तर ती हांकेच्या अंतरावरच्या माणसानेंच घेतां येईल.

कायद्यानें आपली बाजू उचलली ती फार उशिरां आणि एका खुनानंतर. अंधश्रद्धा-निर्मूलनाच्या चळवळीचे प्रवर्तक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत हत्या झाली. जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं ते कित्येक वर्षें झगडत होते. त्यानंतर लगेच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचींत नरबळी, अघोरी विद्या यांसारख्या भयंकर गोष्टींच्या रांगेंत एक साधेंसें कलम आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणें आणि त्याऐवजीं मंत्रतंत्र, गंडादोरा करणें हा अपराध आहे. शब्दयोजना विचारपूर्वक केलेली दिसते. नुसता मंत्र म्हणणाऱ्याला हें कलम पकडीत नाहीं. जो दवाखान्याची वाट अडवितो त्याला पकडतें.

दवाखान्यांत पोहोंचल्यावर पुढें काय करतात, तेंहि ठरून गेलेलें आहे. घाम, उलटी, गार हातपाय यांपैकीं कांहीं दिसतें का, हें आधीं पाहतात. कांहींच नसेल, नुसती आग असेल, तर दंशाच्या जागीं बधिर करणारी सुई किंवा बर्फ पुरतें, पण रोग्याला कांहीं तास नजरेखालीं ठेवतात. लक्षणें असतील तर वजनाच्या दर किलोस ३० मायक्रोग्रॅम या मानानें प्रॅझोसिन पोटांत देतात आणि कांहीं तासांनीं पुन्हां देतात. उलट्यांनीं व घामानें गेलेलें पाणी भरून काढतात. मिळालें तर प्रतिविष देतात. या गोळीनें रक्तदाब एकाएकीं उतरतो. म्हणून गोळी घेतलेल्या मुलाला उठूं देत नाहींत, उभें करीत नाहींत, आईनें खांद्यावर घेतलेलेंहि चालत नाहीं. तळपायाला हात लावून बघत राहतात. तळवा कोमट लागला म्हणजे मूल वांचलें.